एक्सरेबाई आणि लिंबावरच्या अळ्या

एकतीस वर्षं माणसांच्या आतले फोटो काढले, पण बाहेरून एकाचाही काढला नव्हता, अशी एक्सरेबाईंची नोकरी. इस्पितळाच्या तळमजल्यावर बिनखिडकीची खोली आणि दिवसभर तोंडी एकच पाढा, "इकडे वळा, हनुवटी वर, श्वास धरून ठेवा." निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि मागच्या अंगणात स्टूल टाकून बसल्या. गल्ली त्यांना अजून एक्सरेबाईच म्हणते. त्याला त्यांची हरकत नाही. हरकत घेण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे.

बाग म्हणजे तरी काय हो? एक लिंबाचं झाड, कुंपणावर चढलेला वेल, सात-आठ कुंड्या आणि कपडे वाळत घालायची तार. पण रोज सकाळी साडेसातला, त्याच स्टुलावरून, तेवढ्याच अंतरावरून फोटो निघणार म्हणजे निघणार. जागा बदलली तर कालचं आजच्याशी ताडून कसं बघायचं, हा त्यांचा सवाल. फुलपाखरू ऐन वेळी उडालं आणि नुसतीच फांदी आली, तर तोही फोटो तारीख घालून ठेवायचा.

"आई, तुझ्याकडे रिकाम्या फांद्या किती झाल्या गं?" मुलगी फोनवर हसते.

"हसू नकोस. काही निघालं नाही, हासुद्धा रिपोर्टच असतो."

यंदा त्या तारेच्या टोकाला शिंजिरांच्या जोडीने घरटं लोंबतं बांधलं. मुठीत मावतील एवढे पक्षी. घरटं दुरून बघावं तर तारेला अडकलेला कचरा. बाईंनी त्या दिवसापासून कपडे घरात वाळत घातले. दोन पिल्लं निघाली. आईबाप लिंबावरच्या बारीक अळ्या आणि कोळी वेचून त्यांना भरवत होते. नजरेतून सुटलेल्या अळ्या जाड होऊन कोशात जात होत्या, कोशातून काळीपिवळी फुलपाखरं निघून पंख वाळवत बसत होती, आणि बाई हे सगळं टिपत होत्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, जेवलीस का म्हणून विचारणारं घरात कुणी नव्हतं, आणि तरी, खरं सांगायचं तर, त्या सुखात होत्या.

नेमकं तेव्हाच धाकट्या दिराने डोकं वर काढलं. दीर शेजारीच राहतो आणि वसाहतीच्या कमिटीचा सचिव आहे. हुद्दा मिळाल्यापासून घरातल्या घरातही रुबाबात चालतो. त्याच्या बायकोच्या हातावर पुरळ उठलं. झालं!

"वहिनी, तुमच्या झाडावरचे सुरवंट आमच्याकडे येतात. सगळीकडे फवारणी ठरलीय. परवा माणूस येईल."

"सुरवंट केसाळ असतात, भाऊजी. माझ्या लिंबावर गुळगुळीत अळ्या आहेत. त्यांनी कुणाला खाज सुटत नाही."

"आणि ही घाण? पानापानावर पक्ष्यांनी शिटून ठेवलंय!" त्याने एका पानावर बोट टेकवलं, आणि ती घाण चालायला लागली. लिंबावरची लहान अळी दिसतेच तशी. दीर हात झटकत दोन पावलं मागे सरला. बाई खो खो हसल्या. ही चूकच झाली. सचिवाला हसलेलं सोसत नाही.

फवारणीवाला आला तो छापील कागद घेऊनच. फवारणी नको असेल तर कारण लिहून सही करायची. इथे बाईंच्या नोकरीने घात केला. कारणाचा रकाना कोरा असेल तर भल्याभल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्यांनी परत धाडल्या होत्या. त्यांनी पायरीवर बसून टपोऱ्या अक्षरात लिहिलं, "घरट्यात पिल्लं आहेत. फवारलेल्या अळ्या खाऊन मरतील. रविवारपर्यंत उडतील." खाली सही, तारीख, आणि वर घरट्याचा फोटो जोडला.

पिल्लं शनिवारीच उडाली. दुसरं पिल्लू त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. फोटो सगळे हललेले आले. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सोमवारी सकाळी दीर हजर. मागे फवारणीवाला, पाठीला पंप.

"वहिनी, तुम्हीच लिहिलंय, रविवारपर्यंत. मी थांबलो की नाही? आता गेली ना पिल्लं?"

"गेली."

"मग?"

बाईंना स्वतःचाच असा संताप आला! पिल्लं नसती तर काय बाग पंपाखाली द्यायची होती? लिंबावर चार अळ्या कोशात जायच्या बेतात होत्या, पण ते सांगणं आता त्यांच्या जिवावर आलं. आज कोश सांगितले की उद्या हे कोशांची तारीख मागणार. सासरी आल्यापासून हेच चाललं होतं. माहेरी जायचं तर कारण, नोकरी करायची तर कारण, आज दमले म्हणायचं तरी कारण. कारण पटलं की परवानगी, कारण संपलं की तीही संपली.

त्या उठल्या आणि झाड आणि पंप यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"फवारायचं नाही."

"पण का?"

"मला नको म्हणून."

"असं कसं, वहिनी? कमिटीला मी काय सांगू?"

"सांगा, वहिनी नको म्हणाल्या."

फवारणीवाल्याने पंपाचा पट्टा खांद्यावरून हळूच उतरवला. दिराचं तोंड एवढंसं झालं. मग त्याने ठेवणीतलं काढलं.

"दादा असता ना, तर त्याने माझं ऐकलं असतं."

हे बाईंना लागलं.

"ऐकलं असतं," त्या म्हणाल्या. "ते सगळ्यांचंच ऐकायचे. म्हणून तर ही बाग ते गेल्यावर झाली."

दिराने फवारणीवाल्याला निघायची खूण केली.

"मी पुन्हा येईन, वहिनी."

"या की. चहाला या. पंप तेवढा बाहेर ठेवून या."