देवळी नसलेलं घर

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचत असते, आणि खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना हसत असते. मांजर आडवं गेलं तर थांबणाऱ्यातली मी नाही... मांजर गाडीखाली येऊ नये म्हणून थांबेन, तेवढंच. माझं काम कॉम्प्युटरवरचं. तिथं जे काही होतं ते कोणीतरी करायला सांगितलं म्हणूनच होतं, असं मी आजही मानते. फक्त एका गोष्टीपाशी आले की माझी बोलती बंद होते. तेवढी एक सांगते.

आम्ही परभणी जिल्ह्यात पालमला राहतो. आमचे हे शाळेत शिक्षक. लग्नाआधी मी परभणीला थ्रीडी डिझाइनचा कोर्स केला होता आणि पालममध्ये त्याचा उपयोग शून्य. मग ऑनलाइन एक जग सापडलं. लोक त्याला गेम म्हणतात, पण तिथं हरणं-जिंकणं काही नसतं. आपली एक बाहुली असते, ती तिथं हिंडते, बोलते. जागा भाड्याने घेता येते, घर विकत घेता येतं. आणि ती घरं, कपडे, झाडं कोणीतरी बनवून विकलेली असतात. पैसे तिथल्या नाण्यांत मिळतात, ते बदलून घेतले की बँकेत खरे रुपये येतात. मी आधी सगळ्यांसारखे काचेचे बंगले बनवले. कुत्रं विचारत नव्हतं! मग वैतागून एक आपल्याकडचं माळवदाचं घर बनवलं - मातीचं सपाट छत, पुढं ओसरी, अंगणात कडुलिंब. ते चटकन गेलं. दुसरं गेलं. परदेशात गेलेली आपली माणसं घ्यायला लागली, आणि ज्यांनी मराठवाडा नकाशातही पाहिला नाही अशीसुद्धा. शेवटी मी मोठी जागा भाड्याने घेतली, गल्ल्या आखल्या, मधे पार बांधला आणि एक गावच वसवून टाकलं.

आता सासूबाई. नाव गिरजाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. नवरा लवकर गेला, शेळ्या पाळून दोन पोरं शिकवली. आजही घरामागं त्यांच्या शेळ्या आहेत आणि आमच्यापेक्षा त्यांचे लाड जास्त आहेत. मी कॉम्प्युटरवर बसले की जाता-येता टोमणा ठरलेला. "दिसभर त्या डब्ब्यात काय बगायलीस, डोळे जातील की!" एकदा चहा द्यायला आल्या आणि पडद्यावरचं घर बघून तिथंच थांबल्या.

"हे कुणाचं?"

"विकायचं हाय, आत्याबाई."

"ह्याला देवळी कुठंय?"

देवळी म्हणजे भिंतीतला छोटा कोनाडा, दिवा ठेवायचा. आमच्या भागात जुन्या घराला ती असतेच, आणि मी ती साफ विसरले होते. मी म्हटलं, अहो, यात कोणी राहत नाही, नुसतं चित्र आहे.

"पैसे खरे घेतीस नव्हं? मंग दिवा कामून नको?"

मग दारालगत देवळी केली, तिच्यात पणती ठेवली. पणतीवर बोट टेकवलं की ज्योत लागते. मध्यरात्री ती आपोआप विझते, पण लावावी लागते हातानंच. आमचे हे म्हणाले, रोजची कटकट कशाला, टायमर लाव. तर आत्याबाई त्यांच्यावरच उखडल्या. "आपोआप लागला तर तो बल्ब झाला. दिवा माणसानं लावायचा आसतो." झालं! टायमर राहिला बाजूला, आणि मी आत्याबाईंना जुना टॅबलेट दिला, एक खातं उघडून दिलं, नऊवारीतली एक बाहुली करून दिली.

तेव्हापासून दिवेलागणीला शेळ्या बांधून झाल्या की त्या ओसरीवर बसायच्या आणि एका बोटानं गावभर हिंडायच्या. ज्याच्या घरी दिवा नाही त्याच्या देवळीत दिवा. एकही घर चुकवायच्या नाहीत. गिऱ्हाइकं बहुतेक वेळ तिथं नसायचीच, पण असली की अंगणात उभी राहून आत्याबाईंची वाट बघायची. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, गोऱ्यांना मराठी. तरी एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसानं त्यांच्यासाठी पारावर खुर्ची आणून ठेवली होती! मला म्हणायच्या, "लय एकटा हाय गं त्यो." कशावरून, तर म्हणे घर झाडलेलं नसतं. त्या जगात केर पडत नाही, हे मी किती वेळा सांगितलं असेल.

मागच्या हिवाळ्यात आत्याबाई सकाळी शेळ्यांना पाला टाकायला गेल्या आणि तिथंच पडल्या. परभणीला एका खाजगी दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शुद्ध नाही, तोंडात नळी, हाक मारली तर पापणीसुद्धा हलत नव्हती. डॉक्टर भले होते, खोटी आशा दाखवली नाही. म्हणाले, येईल शुद्ध किंवा नाही येणार, वाट बघायची.

त्यातच माझी एक ऑर्डर अर्धी पडली होती. वैशालीताई म्हणून मूळच्या पाथरीच्या, आता आयर्लंडमध्ये नर्स. त्यांना माहेरचं घर मुलांना दाखवायचं होतं. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बाक होता, तिथं लॅपटॉप मांडीवर घेऊन मी ते कसंबसं पुरं केलं. गावाच्या कडेला, शेवटच्या गल्लीत ठेवलं, त्यांच्या नावावर केलं आणि वर आत्याबाईंपाशी पळाले.

आणि त्याच संध्याकाळी... गाव उघडलं, तर सगळीकडं दिवे लागलेले.

मी डोकं चालवलं. गिऱ्हाइकांनी लावले असतील. पण सगळ्यांनी? एकाच वेळी? पणती लावायची मुभा फक्त घरमालकाला, मला आणि आत्याबाईंच्या खात्याला. आत्याबाईंचा टॅबलेट पालमला फळीवर, चार्जिंग संपून बंद. आमचे हे म्हणाले, "आईचं खातं कुणीतरी हॅक केलं आसंल." पटलं. मी ते खातंच बंद करून टाकलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मुद्दाम गावात जाऊन उभी राहिले. ज्या गल्लीत मी उभी, तिथला दिवा लागताना काही दिसेना. जरा वळावं, तर पाठीमागचे लागलेले असायचे. पुढच्या गल्लीत जावं तर सोडलेल्या गल्लीत उजेड. बाहुली कुठंच नाही. भीती वाटली का? नाही वाटली, खरंच. छाती भरून आली एवढं आठवतं.

मग वैशालीताईंचा मेसेज आला. सोबत घराचा फोटो. "ताई, घर अगदी आमचंच आहे. देवळी नाही दिसली, पण उंबऱ्यावर दिवा ठेवलात ते किती छान!"

मी फोटो मोठा करून बघितला. घाईत मी देवळीच केली नव्हती. पणतीसुद्धा ठेवली नव्हती, कारण ठेवायला जागाच नव्हती. आणि उंबऱ्यावर, एका बाजूला सरकवून, जाता-येता पाय लागू नये अशी, एक पणती तेवत होती. एकदा घर दुसऱ्याच्या नावावर झालं की त्या घरात मालकाशिवाय कोणालाही वस्तू ठेवता येत नाही. मलासुद्धा नाही. ताईंना विचारलं, तुम्ही ठेवली का? त्या म्हणाल्या, नाही हो, मला वाटलं तुम्हीच.

हे मी फक्त आमच्या ह्यांना सांगितलं. त्यांनी फोटो बघून फोन परत दिला. पण माझ्या मनानं घेतलं की आत्याबाई कुठं गेलेल्या नाहीत. हिंडायल्यात, येतील परत. चूक-बरोबर मला कळत नव्हतं, पण त्या दिव्यांवर मी दिवस काढत होते.

तिकडं घरातली माणसं थकत चालली होती. धाकटे दीर, बालाजी भाऊजी, दुपारी आम्हाला बाजूला घेऊन बोलले. आईवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त जीव, डोळे सुजलेले होते. "वहिनी, आता बास. नळ्या लावून किती हाल करायचे? घरी नेऊ. जायचंच आसंल तर आपल्या शेळ्यांपाशी जाऊ दे तिला."

"आणखी थोडं थांबू, भाऊजी."

"कशाच्या जिवावर थांबायचं, सांगा ना तुमी."

काय सांगणार होते मी? की कॉम्प्युटरमधल्या गावात दिवे लागतात म्हणून? आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. ठरलं. उद्या सकाळी नळ्या काढून पालमला न्यायचं. गाडीवाल्याला फोनसुद्धा झाला.

मी खाली आले आणि लिंबाखालच्या बाकावर बसून रडले. पदर तोंडात धरून, कोणाला ऐकू जाऊ नये असं. आवारात ओळखीचं कोणी नव्हतं. माहेरी आई गेली तेव्हासुद्धा मी इतकी रडले नसेन. सासूसाठी रडायलीस का म्हणून हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, मला ती बाई हवी होती.

दिवेलागण झाली. डोळे पुसून फोनवर गाव उघडलं.

अंधार. पहिल्या गल्लीत, पारापाशी, सगळीकडं. म्हाताऱ्या गोऱ्याच्या देवळीत अंधार. शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर पणतीच नव्हती. मी थांबले. वळून बघितलं, पुन्हा वळून बघितलं, लहान पोरीसारखी. काही नाही. मला कळलं... गेल्या.

फोन वाजायला लागला, ह्यांचा. मी उचललाच नाही. ते ऐकायची हिंमत नव्हती. मग तेच जिना उतरून धावत आले, चप्पल एकाच पायात.

"वर चल! आईनं डोळे उघडले. तोंडातल्या नळीला हात घालायली. सारखी दाराकडं बगायली, तुलाच हुडकायली!"

पुढचं लांबवत नाही. उजवा हात अजून नीट चालत नाही, शब्द अडखळत येतात, पण आत्याबाई घरी आहेत. दिवे सध्या मी लावते, रोज, हातानं. गावात आपोआप दिवा लागलेला नंतर एकदाही दिसला नाही.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी संध्याकाळी त्या अंगणात बाजेवर बसल्या होत्या आणि मी शेळीचं दूध काढत होते. म्हणजे शेळी मला लाथा मारत होती. त्या बघून हसत होत्या. मधेच म्हणाल्या, "त्या कडंच्या घराला देवळी न्हाई ठिवलीस तू."

"कुठल्या घराला?"

"नवं हाय ते, शेवटच्या गल्लीत. उंबऱ्यावर ठिवावा लागला दिवा. वारं लय लागतंय तिथं."

मी दुधाचं भांडं खाली ठेवलं. ते घर झालं तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. आमचे हे शपथेवर सांगतात की आईपाशी एक शब्द बोललेलो नाही, आणि त्या माणसाला खोटं बोलता येत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. कॉम्प्युटरमधल्या जाणकारांनाही माझं विचारून झालं. कोणी म्हणतं सर्व्हरचा घोळ, कोणी म्हणतं तुझ्या मनाचे खेळ. वैशालीताईंचा फोटो दाखवला की विषय बदलतात. आणि त्या गावात वारा मी कधी घातलेलाच नाही.

त्या संध्याकाळी बाजेपाशी बसून मी त्यांना एवढंच विचारलं, "मंग त्या शेवटच्या दिवशी दिवे कामून न्हाई लावले, आत्याबाई? माझा जीव गेला असता."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू हिला एवढंही कळू नये.

"तू तिथं लिंबाखाली पदर तोंडात घालून रडायलीस, एकटी. मंग मी दिवे लावत हिंडू का तुझ्याकडं येऊ?"