अकरा पट्ट्या आणि एक बत्ता

हिवाळा लागला की कतारमधले लोक गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, ओढत समुद्रकाठी राहायला जातात. आपणही जावं, या हौसेपोटी मी देश सोडून चाललेल्या एका कुटुंबाकडून तीस-पस्तीस वर्षांची जुनी कॅरॅव्हॅन घेतली. नवरा म्हणाला, "भंगारवाल्याने नाकारली असणार." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिच्या पत्र्यांच्या जोडांवर ॲल्युमिनियमच्या अकरा पट्ट्या होत्या, खाऱ्या हवेने पार खाल्लेल्या. फटींतून धूळ आत यायची. त्या बदलायच्या होत्या, आणि घाईही होती. नाशिकहून आलेली माझी आई रविवारी परत जाणार होती. तिने जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवून मला इंजिनिअर केलं. सुट्टी म्हणून ती कुठे गेलेली मला आठवत नाही. जाण्याआधी तुला समुद्रकाठी आपल्या गाडीत बसवून चहा पाजीन, असं मी तिला कबूल केलं होतं.

अल सद्दमधल्या आमच्या बिल्डिंगमागे, नातूरने, म्हणजे रखवालदाराने, दिलेल्या कोपऱ्यात मी अकराही पट्ट्या उतरवल्या. प्रत्येकीचा बाक वेगळा, भोकं वेगळी. जुनीवर नवी ठेवायची, तशीच वाकवायची, तिथेच भोकं पाडायची, असा सोपा बेत. लेकीच्या खडूने एकेकीवर नंबर घातला आणि त्या बाल्कनीत ठेवल्या.

बुधवारी ऑफिसातून आले तर बाल्कनीत अकरा पट्ट्या आरशासारख्या चकाकत होत्या. नंबर गायब. आणि अकराही सरळसोट!

"अगं, किती कळकट होत्या त्या," आई खुशीत म्हणाली. "चिंच लावून घासल्या. सगळ्या वाकल्या होत्या, त्या बत्त्याने ठोकून सरळ केल्या."

माझं डोकंच फिरलं. "तुला कुणी सांगितलं होतं? आई, तुला यातलं काय कळतं?"

ती आत गेली आणि बॅग भरायला लागली, विमानाला चार दिवस असताना.

"ऑफिसात टॅग नसलेला वॉल्व्ह दिसला तर तू सगळ्यांची झाडाझडती घेतेस," नवरा म्हणाला, "आणि घरी खडूने नंबर घालतेस? वर आईंना काही सांगायचंही नाही?" बोलणं अगदी खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली होती. सकाळी उठले तर आई घरात नाही. खाली धावले. ती चष्मा लावून कॅरॅव्हॅनच्या कोपऱ्याशी उभी होती. पत्र्यावर वर्तमानपत्र दाबून धरलं होतं आणि पेन्सिलने कोपऱ्याची गोलाई उतरवत होती. जिथे जुन्या स्क्रूचं भोक लागे तिथे पेन्सिल टोचत होती.

"हा कोपरा ब्लाउजच्या बाहीच्या मुंढ्यासारखाच आहे," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "जुना ब्लाउज उसवून खराब झाला तरी अंगाचं माप जातं का कुठे? कागद धर नीट."

मी कागद धरला. अकरा कागद झाले. प्रत्येकावर तिने शाईने नंबर घातला आणि तोच नंबर पत्र्यावरही. त्या कागदांवरून मी नव्या पट्ट्या वाकवल्या, भोकं पाडली, खाली चिकट सीलंट भरलं. संध्याकाळपर्यंत शेवटचा स्क्रू बसला. नातूर येऊन सगळीकडून बघून गेला आणि "खलास?" म्हणाला. आईने ऐटीत उत्तर दिलं, "खलास!" दोन महिन्यांत ती तेवढंच अरबी शिकली होती.

शुक्रवारी आम्ही समुद्रावर होतो. वारा सुटला होता, पण आत धुळीचा कण नव्हता. चहा मी पाजणार होते, तो आईनेच केला. मला गाडीतल्या शेगडीला हातसुद्धा लावू दिला नाही. लेक दारात बसून ओरडत होती, "आजी, लुक, फ्लेमिंगोज!"

मी म्हटलं, "आई, परवा मी फार वाईट बोलले. चुकलंच माझं."

"असू दे," कप पुढे करत ती म्हणाली. "तू एवढी शिकल्यापासून मला वाटायचं, आता हिला माझं काही कामाचं उरलं नाही. म्हणूनच घासत बसले होते त्या पट्ट्या."

चहात साखर जास्त पडली होती. मी आणखी अर्धा कप मागून घेतला.