कागदावर लेकापेक्षा लहान

बेटेगावात लग्न ठरलं की आधी चिमी आजीची तारीख घ्यावी लागते. आजी धवलेरी. आम्हा वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते, आणि तिच्या गाण्यांनीच लग्न लागतं. आसपासच्या गावांतले निम्मे संसार या बाईने नुसत्या गळ्यावर उभे केलेत. त्याचा तिला तोराही भरपूर, आणि असावाच!

गेल्या माघात मात्र एका लग्नात गाता गाता तिला भोवळ आली. लेक सुका घाबरला. बोईसरच्या डॉक्टर भाग्यश्रीबाईंनी तिला तपासणीला मुंबईला पाठवलं. तिथे सुईने एक औषध सोडतात आणि हृदयाच्या नसा ते किती धरून ठेवतात, हे कॅमेऱ्याने मोजतात. अहवाल आला: वयाच्या मानाने फारच कमी.

झालं! सुकाने फर्मान काढलं, गाणं बंद. आणि महिन्यावर त्याच्याच लेकीचं, तेजलचं लग्न.

"माज्या नातीचं लगीन दुसरी कोन लावील? मी काय मेली हाय?" आजीने घर डोक्यावर घेतलं.

"आजी नाय गानार, तर मी मांडवात येनार नाय," तेजल म्हणाली. खाण तशी माती.

शेवटी तिघं पुन्हा बाईंसमोर. बाईंनी अहवाल वाचला. "वय अठ्ठावन्न." मग सुकाकडे पाहिलं. "तुम्ही यांचे भाऊ का?"

"नाय. पोरगा."

"तुमचं वय?"

"एकोणसाठ."

बाईंनी चष्माच काढला. तेजल फिस्सकन हसली. आजीचा जन्म कुणी लिहून ठेवला नव्हता. आधार कार्ड काढताना 'अंदाजे सांगा' म्हणाले, तेव्हा आजीने आपल्याला शोभेल ते वय सांगून टाकलं होतं.

"आजी, आता खरं आठवा बघू."

"तारापूरला अणुशक्तीचं बांधकाम चालू व्हतं, तवा मी टोपल्या उचलत व्हती. ह्यो सुका पाठीला बांधलेला."

"म्हणजे साठेक वर्षांपूर्वी तुम्ही लेकुरवाळ्या होतात, पंचाहत्तरी कधीच ओलांडली!" बाई हसल्या. "वय वाढलं की नसा औषध कमीच धरतात. जुन्या टोपलीतून थोडं धान सांडतं, म्हणून काय ती मोडली? मुंबईवाल्यांनी तुम्हाला अठ्ठावन्नच्या बाईशी ताडून पाहिलं." त्यांनी लगेच मुंबईला फोन लावला. तिकडूनही तेच सांगितलं: या वयाला हे ठीक आहे. भोवळ कशाने आली, तेही कळलं. त्या लग्नात आजी सकाळपासून उपाशी होती.

"खाऊन गा, बसून गा," बाईंनी बजावलं.

तेजलच्या लग्नात आजी भाकर खाऊन बसली आणि अशी गायली की मला भरून आलं. सुका पाण्याचा तांब्या धरून शेजारीच होता. गाणं संपल्यावर त्याने हळूच विचारलं, "आये, थकली का?"

आजीने त्याचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. "बघ, वाजतंय ना? कागदावर मोठा तू हायस, तवा थकायचं तू!"

मांडव हसून लोटपोट झाला. सुकाही हसला, पण हात मात्र त्याने बराच वेळ काढला नाही.