बंदुकीचा वाटा

सापगावच्या पलीकडे एका शेठचं फार्महाऊस आहे. तिथं दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, माझी बंदूक टांगलेली मला दिसली. खाली पितळेची पाटी. मी चौथीपर्यंत शिकलेला, इंग्रजी मला येत नाय. शेठनेच पाहुण्यांसमोर वाचून दाखवलं. म्हणे, ब्रिटिश साहेबाची रायफल, सह्याद्रीतल्या वाघांच्या शिकारीची.

वाघ! माझ्या हयातीत तिने डुकराशिवाय काय मारलं नाय. आणि साहेबाचं कौतुक कशाला? माझी बायको लग्न होऊन आली तेव्हापासून ती बंदूक तिने सांभाळली. यंदा पौषात बायको वारली. तिचं नाव पाटीवर नको, पण खोटं तरी नको.

बंदूक राणीच्या काळातली, मिलिटरीची. आजोबा एका जंगलसाहेबाचं सामान उचलत, तो विलायतेला जाताना देऊन गेला. एका वेळी एकच गोळी. घोड्याखालचा लोखंडी दांडा खाली ओढला की वरून तोंड उघडतं, गोळी घालायची, दांडा मिटायचा. नेम चुकला तर दुसरी गोळी भरेपर्यंत डुक्कर अंगावर. पुढं त्या गोळ्या मिळेनात, म्हणून वडिलांनी नळी कारागिराकडून मोठी करून छऱ्याच्या काडतुसाची केली. लायसन पीक राखायचं. आजोबांचं वडिलांकडे आलं, वडिलांचं माझ्याकडे.

आमच्या पाड्यात डुक्कर पडलं की वाटे पडत. मारणाऱ्याला, हाका घालून रान उठवणाऱ्यांना, कुत्र्यांना, आणि बंदुकीला वेगळा. बंदुकीचा वाटा तिला सांभाळणाऱ्याचा. म्हणजे माझ्या बायकोचा. पण तो आमच्या चुलीवर कधी चढला नाय. ज्या घरातून हाक्याला जायला माणूसच नाय, रांडवेचं घर, आजाऱ्याचं घर, तिथं ती पानात बांधून देऊन यायची. एकदा मी बोललो, "आपल्या घरात पण तोंडं हायेत गो."

"तुमी तुमचा मारणाऱ्याचा वाटा खावा," ती बोलली. "बंदूक पुसायला कधी फडकं धरलंत का? मग तिच्या वाट्याकडं बघायचं नाय."

आता जंगलखात्याच्या बंदीने ते सगळं संपलं. डुकरं काय संपली नायत, नाचणी उपटून जातात. तरी ती बंदुकीला खुरासणीचं तेल लावायची, पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून चुलीवर धुरात टांगायची. तेलाने, धुराने आणि तिच्या हाताने लाकडी दस्ता काळाकुळीत झाला होता. चामड्याचा पट्टा कुजला तेव्हा तिने लुगड्याचा काठ चौपदरी शिवून लावला. त्या पट्ट्यावर मी ती बंदूक सगळ्या डोंगरात मिरवली.

बायकोचं दिवसकार्य उरकलं आणि मी धसईला लेकीकडे गेलो. मुलगा त्या शेठकडे सुपरवायझर आहे. माझ्या मागे त्याने बंदूक उचलून शेठला नेऊन दिली. मी परत आलो तर खुंटी मोकळी. विचारलं तर म्हणतो, "पॉलिशला दिलीय बाबा." शेठचा तिच्यावर आधीपासून डोळा होता, म्हणून मी तसाच फार्महाऊसवर गेलो, मुलगा माझ्या मागोमाग.

शेठची पाटी वाचून झाल्यावर मी विचारलं, "पट्टा कुठाय?"

"कुठला, काका?"

"कापडी."

"अच्छा, ते फडकं! फेकलं. हे लेदर बघा, एकदम ओरिजिनल लुक. आणि लाकूड घासून घेतलं. काय काळा थर होता, चिकट! आता बघा कसं चमकतंय."

थर म्हणे. घाणीसारखा खरवडून काढला त्याने. मी चपलांसकट त्याच्या पांढऱ्या सोफ्यावर चढलो.

"बाबा, उतरा," मुलगा दातओठ खात बोलला. "पाहुणे बघतायत."

"बघू दे. आईचा पट्टा फेकला तेव्हा तू पण बघत होतास ना?"

त्याने मान खाली घातली. म्हणजे बघत होता.

"काका, हा अँटिक पीस आहे, जरा समजून घ्या," शेठ म्हणाला.

"शेठ, लायसन माझ्या नावावर आहे. तुझ्या भिंतीवर ही बंदूक म्हणजे गुन्हा. हवालदाराला बोलावतो, त्याला पण वाच ती पाटी."

मग मी बंदूक उतरवली, कोणी आडवं आलं नाय. एक बाई मोबाईलवर शूटिंग करत होती. तिला बोललो, कर बाई, नीट कर.

घरी आणून मी रोज तेल लावलं. लाकूड काय काळं होईना, नव्या दरवाजासारखं पिवळंच. धूर द्यावा तर सासू गेल्यागेल्या सुनेने चूल मोडलीय, घरात गॅस. मुलगा आठवडाभर बोलला नाय. बोलला तेव्हा म्हणाला, "तुमच्यापायी माझी नोकरी जायची पाळी आलीय. आज घेऊन आलात. तुमच्या मागे ती तिथंच जाणार, लिहून ठेवा."

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच जास्त डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी बंदूक पोत्यात गुंडाळली आणि शहापूरला पोलीस ठाण्यात नेली.

"बाबा, एकदा जमा केली की परत नाय मिळायची," हवालदार म्हणाला. "तोडून भंगारात जाते. जुनी वस्तू आहे, घरात राहू दे."

"तोडायलाच आणलीय."

त्याने दांडा खाली ओढला, नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. "आतून लख्ख आहे की! गंजाचा ठिपका नाय. कोणी ठेवली एवढी?"

"बायकोने," मी बोललो.

आजवर हे कोणी विचारलं नाय, शेठने नाय, पोटच्या पोराने नाय. परक्या हवालदाराने विचारलं. मी बाहेर आलो. मुलाला अजून सांगितलेलं नाय. रिकामी खुंटी बघून विचारेल तेव्हा सांगेन, आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं सांगेन.