मालक कोण?

सन १९४६, चैत्रातला बाजाराचा दिवस. हजर: आई, मी आणि घरपट्टी वसुलीचा शिपाई. आमच्या घरमालकीण खाला तेवढ्या बाजाराला गेल्या होत्या. आई दाराआड मिरच्या कांडत होती आणि नाकात जाणाऱ्या त्या तिखट खाटानं शिपाई खोकत होता. "मकान का मालिक कौन?" त्यानं विचारलं. आई पदर सावरत म्हणाली, "मालक शेताकडं गेलेत." तिचे मालक म्हणजे माझे वडील. शाळेत उर्दू शिकणारी मी तो घोळ ओळखून खुदकन हसले, पण बोलले नाही. शिपायानं वडिलांचं नाव लिहून घेतलं आणि दुपारी वडिलांनी पट्टी भरूनही टाकली. संध्याकाळी खाला पट्टीचे पैसे पदराच्या गाठीत बांधून आल्या. "राहू द्या खाला, भाड्यात वळते करू. तुमची कटकट वाचली," वडील म्हणाले. "कटकट कायकी, बाबा? पट्टी मैं भरती, तबीच तो घर मेरा," खाला म्हणाल्या आणि गाठ न सोडताच आत गेल्या. आम्हा तिघांपैकी कुणाचीच मान वर झाली नाही. पुढं ते नाव कुणी दुरुस्त केलं नाही. दोन वर्षांनी खाला लेकीकडे हैदराबादेला गेल्या त्या परतल्या नाहीत, आणि आम्ही तिथंच राहिलो. आज पट्टीचं बिल आलं, मालक म्हणून अजून वडिलांचंच नाव. मी पट्टी वेळेवर भरते. आजच्या कामांच्या यादीतलं दळण, रॉकेल, पट्टी खोडून झालं. सगळ्यांत वरचं ‘खालांच्या लेकीचा पत्ता शोधणे’ उद्याच्या यादीत पुन्हा उतरवून ठेवलं आहे.