एकाच भेरल्या माडाचं बी

मी फसवलं ते बाबलकाकांना — आमच्या गावचे मानकरी, देवापुढे गाऱ्हाणं घालणारे. कधी? गेल्या वर्षी आर्द्रा नक्षत्र लागलं त्या सोमवारी, सकाळी, देवराईतल्या लागवडीआधी. आजवर हे कुणाजवळही बोललेले नाही.

माझी पत्रकं तुम्ही वाचली असतील. ‘मांडव सजवायला भेरल्या माडाच्या झावळ्या ओरबाडता, लाज नाही वाटत?’ — ते वाक्य माझंच. आमच्या राईतले हे माशाच्या शेपटीसारख्या पानांचे रानमाड असेच संपले. नवी रोपं हवी होती. आणि मीच सगळ्यांना बजावत होते — बी वेगवेगळ्या रानांतलं आणा! एकाच आईची लेकरं लावलीत, तर एक रोग आला की सगळी एकदम जातील.

वैभववाडीकडच्या व्हाळांत, रानातल्या ओढ्यांत, उतरून बी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. गेले का मी? त्या फळांचा रस लागला की हातांची आग होते — आणि मला तर सभा होत्या, भाषणं होती. जामसंड्याला मैत्रिणीच्या परसात एक माड फळला होता. त्याच्याच घोसांनी पोतं भरलं. पत्रकात छापलं — ‘रानारानातलं बियाणं’.

काकांनी ते वाचलं. हात जोडून देवाला सांगितलं, “बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान व्हाळाव्हाळातसून बियो हाडल्यान, रोपां केल्यान. तुझी राय परत उभी कर रे म्हाराजा!” चेडू, म्हणजे बिया आणणारी ती पोर — मीच.

“व्हय म्हाराजा!” — सगळा गाव ओरडला. सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा होता, सांगू?

रोपं लावताना काका हसले. “काय गो, सगळी एकाच आवशीची पोरां दिसतत!” मीही हसले. हसले — कळतंय ना?

रोपं जगली आहेत. हिरवीगार, वीतभर. बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? यंदा मात्र व्हाळांत उतरले. हात सुजले, रात्रभर खाजवत बसले — आणि कधी नव्हे ते समाधान वाटलं. मागल्या दारी आता वेगवेगळ्या झाडांच्या बियांना कोंब आलेत. या आर्द्रेला ते त्या भावंडांमध्ये लावायचे.

हे पत्रक पहिलं काकांच्या हातात जाईल. माझ्या शब्दावर पुन्हा देवापुढे उभं राहायचं की नाही, ते त्यांचं ते ठरवतील.

तुम्ही एवढंच करा — तुमच्याकडचा माड फळला असेल, तर घोस पिकू द्या. मूठभर बी आणून द्या. आणि कुठल्या झाडाचं, ते खरं सांगा.