केळीच्या पानावरचा पाव

मंडळी, सकाळपासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय, तो तुमच्यापुढे टाकते.

आज नात सई म्हणाली, "आजी, सारण भरलेला फ्रेंच टोस्ट करू या." मला हसूच आलं. साठच्या दशकात, नागावला, आमची आई हाच पदार्थ करायची. फक्त त्याला नाव नव्हतं.

बाबा मुंबईला नोकरीला. रेवसच्या लाँचने घरी येताना पाव आणायचे. आईचं सोवळं कडक, ती पावाला तोंड लावत नसे. पण आम्हा पोरांसाठी पावात गूळ-खोबऱ्याचं सारण भरायची, नारळाच्या दुधात बुडवायची आणि भाजायची. तव्याला पाव शिवू नये म्हणून खाली केळीचं पान घालायची. म्हणायची, "तवा माझा, पान तुमचं."

आज मीही तस्संच केलं. सईने पहिला घास घेतला आणि विचारलं, "पणजीने कधी चाखलंच नाही, तर गूळ बरोबर पडलाय हे तिला कळायचं कसं?"

मी तव्यावरचं पान टाकायला उचललं, तर त्याला खरपूस गूळ आणि पावाचा कुरकुरीत पापुद्रा चिकटलेला. नखाने खरवडून तोंडात टाकला. काय चव होती म्हणून सांगू!

आणि एकदम आठवलं. ते पान आई आम्हाला कधीच टाकू द्यायची नाही. स्वतः घेऊन मागच्या दारी जायची, आणि परत यायला चांगला वेळ लावायची.

आता तुम्हीच सांगा, आमच्या आईला पाव चालत होता की नव्हता?